गाझाच्या चौकातला हेराक्लीझ

इसवी सन 500 च्या आगेमागे गाझाच्या बाजारात एक घड्याळ होतं. साधंसुधं नव्हे. माथ्यावर गॉर्गन राक्षसिणीचं मुंडकं, तास भरला की डोळे गरगरा फिरवणारं. खाली ओळीने बारा दारं. सूर्यदेव हेलिओसची मूर्ती दिवसभर त्या दारांवरून सरकत जायची. ती ज्या दारापाशी पोचेल ते दार उघडायचं आणि आतून हेराक्लीझ, म्हणजे आपण ज्याला हर्क्युलस म्हणतो तो, आपल्या बारा पराक्रमांपैकी एक घेऊन बाहेर यायचा. पहिल्या तासाला सिंह. मग गरुड पंख पसरून त्याच्या डोक्यावर विजयाची माळ धरायचा आणि स्वारी परत आत. रात्रीच्या तासांसाठी वेगळी बारा दारं होती, त्यांच्यामागे दिवा. आपल्याकडे बारा वाजले म्हणजे कारभार आटोपला. गाझात बारा वाजले की हेराक्लीझची सगळी कामं फत्ते.

हे घड्याळ आज कुठेच नाही. आपल्याला ते दिसतं ते प्रोकोपियस नावाच्या गाझाच्या मास्तरामुळे. त्याने त्याचं बारकाईने शब्दचित्र लिहिलं, अगदी शाळेत मुलांना दाखवायला लिहावं तसं. गंमत अशी की हा प्रोकोपियस ख्रिस्ती होता, आणि नुसता जन्माने नव्हे. बायबलवरच्या जुन्या भाष्यकारांची मतं माळेसारखी ओवून टीका रचायची पद्धत रूढ करणाऱ्यांत त्याचं नाव सर्वांत आधी घेतात. बायबलचा अर्थ लावणारी लेखणी हेराक्लीझच्या सिंहाचंही वर्णन करते, आणि दोन्हीकडे तिला अवघडल्यासारखं होत नाही.

हा न अवघडणारा हात मला महत्त्वाचा वाटतो. कारण एक प्रश्न आपण आज पुन्हा नव्या जोराने विचारतो आहोत: प्राचीन साहित्य कोणाचं? त्यातल्या देवांना मानणाऱ्यांचं, की ते वाचणाऱ्यांचं? ज्याची श्रद्धा नाही त्याने आमच्या ग्रंथावर बोलू नये, असं म्हणणारे सगळ्या धर्मांत भेटतात. हा वाद त्यांना वाटतो तितका नवा नाही. गाझाच्या घड्याळाच्या दीडएकशे वर्षं आधी तो एका सम्राटाने कायद्यानेच मिटवायचा प्रयत्न केला होता.

रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती घरात वाढला आणि जुन्या देवांकडे परतला. 17 जून 362 ला त्याने फर्मान काढलं की शिक्षकाचं चारित्र्य आधी चोख पाहिजे, मग वक्तृत्व. वाचायला बिनदोष. पण सोबतच्या पत्रात त्याने चारित्र्य म्हणजे काय ते उलगडून सांगितलं. होमर आणि हेसिअड या जुन्या ग्रीक कवींना देवांनी स्फूर्ती दिली. त्या देवांना खोटं मानायचं आणि होमर शिकवून पोट भरायचं, ही लबाडी आहे. मनात एक आणि ओठांवर दुसरं असलेला माणूस मुलांना काय शिकवणार? ज्यांना हे पटत नाही त्यांनी गॅलिलीवाल्यांच्या, म्हणजे ख्रिस्त्यांच्या, प्रार्थनास्थळांत जावं आणि बायबलमधले मॅथ्यू, ल्यूक समजावून सांगावेत. मुलांना मात्र बंदी नव्हती. ख्रिस्ती घरातल्या मुलांनी शाळेत यावं, होमर शिकावा, फक्त शिकवणारा खरा भक्त हवा.

ज्युलियनचा युक्तिवाद टाकाऊ नाही, हे आधी कबूल करायला हवं. प्रामाणिकपणाच्या बाजूने बोलणाऱ्याला उत्तर देणं अवघडच असतं. त्याच्याच बाजूच्या माणसांना तो टोचला हे विशेष. अम्मिआनुस हा आंतिओकचा जुना सैनिक आणि इतिहासकार स्वतः ख्रिस्ती नव्हता, ज्युलियनवर त्याची भक्ती होती. तरी हा कायदा इतका कठोर आहे की तो कायमच्या मौनात गाडून टाकावा, असं त्याने लिहून ठेवलं. ज्युलियनबरोबर अथेन्समध्ये शिकलेला नाझिआन्झसचा ग्रेगरी मात्र खवळून उठला. त्याच्या उत्तराचा मराठीतला मथितार्थ असा: ग्रीक भाषा काय तुझ्या वडिलांची जहागीर आहे? ज्या अक्षरांत तू फर्मान लिहिलंस ती अक्षरं फिनिशियनांकडून आली, असं तुमचेच लोक सांगतात. मग तीही परत करणार का? शिवीगाळ वजा केली तरी मुद्दा उरतोच. वारसा म्हणून ज्यावर हक्क सांगायचा तोच मुळात उसनवारीतून आलेला असतो, आणि उसनवारीचा हिशेब एकदा काढायला बसलं की कोणाच्याच हाती फारसं राहत नाही.

सीरियातल्या लाओदिकेआचे अपोलिनारिस, बाप आणि मुलगा, वेगळ्या वाटेने गेले. होमर नाही ना शिकवायचा? मग आपणच होमर करू. जुन्या करारातला इतिहास त्यांनी होमरच्या छंदात बसवला, चोवीस भागांत, आणि शुभवर्तमानांना प्लेटोच्या संवादांचा साज चढवला. पुढच्याच वर्षी ज्युलियन पर्शियाच्या मोहिमेत मारला गेला, बंदी सुटली आणि लोक निमूटपणे खऱ्या होमरकडे वळले. शंभर वर्षांच्या आत इतिहासकार सॉक्रेटीस (तत्त्वज्ञ सॉक्रेटीस नव्हे, त्याच नावाचा दुसरा) लिहितो की अपोलिनारिस मंडळींची मेहनत जणू कधी झालीच नव्हती. तोही ख्रिस्तीच, आणि त्याला याचं दुःख झालेलं दिसत नाही.

इथे मराठी वाचकाला फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण आठवल्याशिवाय राहणार नाही. 1616 साली गोव्यात राशोलला छापलेलं, बायबलची कथा ओवीत सांगणारं. जुनी पुराणं हातून काढून घेतलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्याऐवजी काहीतरी द्यायचं, ही त्याच्यामागची निकड. म्हणजे बंदी घालणारी बाजू उलटी, युक्ती तीच. अपोलिनारिसांचा होमर वाऱ्यावर गेला आणि स्टीफन्सची ओवी टिकली. मला याचं कारण असं वाटतं की लाओदिकेआच्या मुलांना मूळ होमर परत मिळाला. गोव्यातल्या लोकांना तेव्हा पुराणं परत मिळाली नाहीत.

परत गाझाकडे. हे शहर एके काळी असल्या समन्वयासाठी मुळीच प्रसिद्ध नव्हतं. इथला मुख्य देव मारनास, पाऊस पाडणारा. चौथ्या शतकातल्या हिलारिओन नावाच्या संन्याशाच्या चरित्रात जेरोम या ख्रिस्ती धर्मपंडिताने एक रथांची शर्यत सांगितली आहे: एक स्पर्धक मारनासभक्त, दुसरा ख्रिस्ती, ख्रिस्त्याच्या घोड्यांवर हिलारिओनने दिलेलं पाणी शिंपडलेलं. तो जिंकतो आणि प्रेक्षक ओरडतात, मारनासला ख्रिस्ताने हरवलं! क्रिकेटचा सामना धर्मयुद्ध समजून बघणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. अशा गावात पुढे शंभर-दीडशे वर्षांनी ख्रिस्ती मास्तरांची एक अख्खी परंपरा उभी राहते, एनियास, प्रोकोपियस, त्याचा शिष्य खोरिकियस, आणि ही माणसं नाट्यगृहात उभी राहून होमरच्या अकिलीझच्या, प्रायमच्या तोंडची भाषणं करतात. गावचे लोक ऐकायला गर्दी करतात. वसंतात गुलाबांचा सण असतो. त्यावरच्या भाषणांत प्रियकर ॲडोनिसकडे धावत निघालेल्या प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीच्या पायात काटा रुततो आणि तिच्या रक्ताने पांढरा गुलाब लाल होतो. गाझाचाच योहान्नेस हमामखान्याच्या भिंतीवरच्या एका चित्रावर दीर्घ कविता करतो. त्या चित्रात क्रूस आहे, हेलिओस आहे आणि ॲटलासही आहे. तिमोथी नावाचा व्याकरणकार प्राण्यांवर पुस्तक लिहितो आणि त्यात सम्राट अनास्तासियससाठी गाझावरून नेलेल्या हत्तीची आणि दोन जिराफांची नोंद करायला विसरत नाही. गाझाची वाइन तेव्हा गॉलपर्यंत, म्हणजे आजच्या फ्रान्सपर्यंत, नावाजलेली. गावात पैसा होता आणि गावाला ऐटीची हौस होती.

खोरिकियसने केलेलं एक भाषण मला ज्युलियनला दिलेलं खरं उत्तर वाटतं, जरी त्यात ज्युलियनशी वाद घातलेला नाही. विषय नकलाकारांचा. त्या काळी नाट्यगृहातले नकलाकार म्हणजे समाजाच्या तळातली माणसं. व्यभिचारी बायका, फसलेले नवरे, थोबाडीत खाणारे नोकर असली पात्रं ते रंगवायचे. धर्मोपदेशक त्यांच्यावर तुटून पडत: असल्या गोष्टी करून दाखवणारे आणि बघणारे, दोघेही बिघडतात. खोरिकियस त्यांची बाजू घेतो. त्याच्या सांगण्याचा सारांश असा की सोंग घेणारा सोंगाचा होत नाही. रंगमंचावर सेनापती झालेला लढाईला जात नाही, आणि व्यभिचाऱ्याचं काम करणारा घरी जाऊन बायकोशी एकनिष्ठ असू शकतो. नक्कल हा माणसाचा स्वभाव आहे, आणि होमरही पात्रांच्या तोंडून बोलतो तेव्हा नक्कलच करतो.

आता हेच ज्युलियनच्या पत्रासमोर ठेवून बघा. ज्युलियनला वाटतं, होमर शिकवणं म्हणजे होमरच्या देवांची साक्ष काढणं. शपथेवर जबानी द्यावी तसं. खोरिकियसला शिकवणं हे अंगात वेष चढवण्यासारखं वाटतं. वेष मन लावून घालायचा, चोख वठवायचा आणि उतरवून ठेवायचा. यात लबाडी कुठे आली? तमाशातला राजा फडावर राजाच असतो, फड उठल्यावर त्याला कोणी मुजरा करत नाही, आणि त्याने आपल्याला फसवलं अशी तक्रारही करत नाही.

मात्र गाझाकरांना उदारमतवादाचं प्रमाणपत्र देऊन मोकळं होणं बरोबर नाही. त्यांच्या निर्धास्तपणाच्या तळाशी राख होती. मारनासचं मोठं देऊळ 402 साली, बिशप पोर्फिरीच्या कारकिर्दीत, जाळलं गेलं. पोर्फिरीचं जे चरित्र आपल्याकडे आहे त्यात गाभाऱ्यातल्या संगमरवरी लाद्यांचं काय केलं तेही सांगितलं आहे: त्या रस्त्यात अंथरल्या, माणसांनी आणि कुत्र्या-डुकरांनी तुडवाव्यात म्हणून. जुन्या देवांना मानणारी माणसं, त्यातही बायका, त्या फरशीवर कधी पाय ठेवत नसत, असं चरित्रकार जरा चिडूनच सांगतो. या चरित्रातलं किती खरं आणि किती नंतरचं, यावर अभ्यासकांचे वाद चालू आहेत. पण वळसा घालून जाणाऱ्या त्या बायका कोणाला कल्पनेने रचाव्याशा वाटतील असं मला वाटत नाही. हेराक्लीझ चौकात शोभेचा झाला, कारण त्याच्या घरच्यांचा गाभारा आधीच विझला होता. देव गेल्यावर त्याच्या गोष्टी गोड लागतात. ज्युलियनच्या हट्टामागे ही भीती असेल, तर ती खोटी ठरली नाही.

तरीसुद्धा मी खोरिकियसच्याच बाजूचा आहे, आणि ते 529 मुळे. त्या वर्षी सम्राट जस्टिनिअनने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं शिकवणं बंद पाडलं. त्याच सुमाराच्या त्याच्या कायद्यांत जुन्या देवांना मानणाऱ्यांना शिक्षक व्हायला बंदी आहे. ज्युलियनचंच फर्मान, नावं बदलून. शिक्षकाची श्रद्धा तपासायची ताकद एकदा सरकारच्या हाती दिली की सरकार बदलेल तशी चाळणी बदलते, एवढं तरी या दोन तारखांमधल्या 167 वर्षांनी दाखवून दिलं आहे. ज्युलियनच्या अनुयायांच्या नातवंडा-पतवंडांना त्याच्याच हत्याराने मार बसला.

बाहेरच्यांना गाझाचा हा सैलपणा रुचला नाहीच. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा विद्वान फोटिओस खोरिकियस वाचतो, त्याच्या शैलीचं कौतुक करतो, माणूस खऱ्या धर्माचा होता अशी ग्वाहीही देतो, आणि मग कुरकुरतो: पण या गृहस्थाला ग्रीक पुराणकथा मध्येच आणायची काय गरज, तीही पवित्र विषयावर बोलताना? नवव्या शतकातल्या या समीक्षकाला आज कुठल्याही साहित्य संमेलनाच्या मांडवात पहिल्या रांगेत जागा मिळेल.

आजच्या गाझाबद्दल बोलताना शब्द जपून वापरावे लागतात. जुन्या ख्रिस्ती चर्चच्या जागेवर उभी असलेली ओमरी मशीद डिसेंबर 2023 मध्ये उद्ध्वस्त झाली. शर्यतीच्या गोष्टीतल्या त्या हिलारिओनचा मठ, तेल उम आमेर इथला, मोझाइकच्या फरश्यांसकट, जुलै 2024 मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या बैठकीत जागतिक वारशाच्या यादीत घेतला गेला आणि लगेच धोक्यातल्या स्थळांतही. पॅलेस्टाईनच्या नावाने. म्हणजे बहुसंख्य मुसलमान असलेला एक समाज एका ख्रिस्ती संन्याशाच्या मठाला आपला म्हणतो आणि युद्ध चालू असताना तो वाचवायची खटपट करतो. ज्युलियनच्या नियमाने हा मठ कोणाचा? हिलारिओनवर श्रद्धा असलेल्यांचा. त्या फरशीवरची माती ब्रशने झाडणाऱ्या, तिथेच लहानाच्या मोठ्या झालेल्या पोरांना त्या नियमात जागाच नाही.

इथपर्यंत बाजू सोपी आहे. श्रद्धा हे तिकीट नव्हे, वाचणं हे तिकीट. पण गाझाच्या मास्तरांना हे तिकीट किती महाग आहे ते कधी दिसलं नाही, आणि त्यांची माझी वाट इथे वेगळी होते.

ते शिकवत होते ती ग्रीक कोणाच्या घरात बोलली जात नव्हती. ती डेमोस्थेनिस या वक्त्याच्या काळच्या अथेन्सची ग्रीक होती, आठशेहून अधिक वर्षं जुनी. आज एखाद्याने ज्ञानेश्वरांच्या मराठीत दुकानदाराशी घासाघीस करावी आणि त्यात एकही नंतरचं रूप येऊ देऊ नये, अशातला प्रकार. गुरू वारल्यावर केलेल्या भाषणात खोरिकियस प्रोकोपियसची थोरवी सांगतो ती हीच: अथेन्सच्या बोलीला, म्हणजे ॲटिकला, परका असलेला शब्द, लय बिघडवणारं अक्षर त्याच्या कानातून निसटायचं नाही. एनियासने एका पत्रात ऐट मिरवली आहे की आता अथेन्सची मुलंसुद्धा शुद्ध अ‍ॅटिक शिकायला बापांऐवजी सीरियनांकडे येतात. वाक्य चटकदार आहे, आणि त्यात अभिमान बाळगण्यासारखंही आहे. ग्रीकपण रक्तात नसून अभ्यासात आहे, हे एक सीरियन माणूस अथेन्सला ऐकवतो आहे. जन्माच्या मक्तेदारीला याहून नेमका टोला क्वचितच कोणी दिला असेल.

पण ज्या सीरियनांचं तो नाव घेतो त्यांतल्या बहुतेकांसाठी त्याच्या शाळेचं दार उघडं नव्हतं. गाझाच्या आसपासच्या खेड्यांत आणि गावातल्या गरीब वस्त्यांत सिरियाक, म्हणजे अरमाइक, बोलली जायची. अ‍ॅटिक यायला हवी तर लहानपणापासून व्याकरणाचा मास्तर, मग वक्तृत्वाचा मास्तर, फी आणि कामाला न लागता काढलेली वर्षं पाहिजेत. ज्याच्या घरी द्राक्षमळे आहेत त्याचा मुलगा हे करू शकतो. द्राक्षं खुडणाऱ्याचा नाही. ज्युलियनने श्रद्धेचं कुंपण घातलं म्हणून तो बदनाम झाला. गाझाच्या मास्तरांचं कुंपण व्याकरणाचं होतं, ते कोणाला कुंपण वाटलंच नाही. मी स्वतः त्याच्या बाहेर आहे. मला ग्रीक येत नाही. प्रोकोपियसचा सिंह मला भाषांतरात भेटला, आणि त्याचं अ‍ॅटिक किती शुद्ध होतं याचा मला काडीचाही पत्ता लागला नाही. तरी सिंह दिसला.

गाझाच्या इतिहासात या कुंपणाबाहेरचा आवाज एकदाच स्पष्ट ऐकू येतो, तोही पोर्फिरीच्याच चरित्रात. मारनासच्या देवळाचं काय करायचं यावर ख्रिस्ती मंडळींचं एकमत होईना: पाडावं, जाळावं की शुद्ध करून चर्च करावं? उपास आणि प्रार्थना झाल्या. संध्याकाळच्या उपासनेत आईजवळ उभं असलेलं सातेक वर्षांचं पोर एकदम ओरडलं: आतलं देऊळ जमिनीपर्यंत जाळा, दारांना डांबर, गंधक आणि डुकराची चरबी फासा. हे तो सिरियाकमध्ये म्हणाला. बिशपला संशय आला. कोणीतरी पढवलं असणार. त्याने आईला शपथ घातली, मुलासमोर चाबूक आणवला. तेव्हा मुलाने तेच सगळं ग्रीकमध्ये सांगितलं. बिशपने पुन्हा आईला विचारलं, तुला किंवा याला ग्रीक येतं का? ती म्हणाली, नाही. ना मला, ना माझ्या मुलाला.

चरित्रकाराच्या लेखी चमत्कार इथे आहे. गरिबाच्या पोराने ग्रीक बोलावं, यापेक्षा देवाच्या हाताचा मोठा पुरावा त्याला सुचला नाही. गावात तेव्हा किती जण असं बोलू शकत नव्हते, हे या एका वाक्यावरून मोजता येतं.

बिशप खूश झाला. त्याने त्या बाईच्या हातात तीन सोन्याची नाणी ठेवली. मुलाने ती पाहिली आणि म्हणाला, आई, घेऊ नकोस, देवाने दिलेलं तू पैशाला विकू नकोस. हे तो परत सिरियाकमध्ये म्हणाला.